पडद्यासमोर डोळे भरून येतात तेव्हा: येऊ द्यायचे कसे, थोपवायचे कसे

सिनेमात मरणाच्या प्रसंगाला रडू येतं असं आपण धरून चालतो. बारकाईनं पाहिलं तर बऱ्याचदा तसं होत नाही. त्या प्रसंगात माणूस आक्रसून बसतो, दातांवर दात येतात, डोळे कोरडेच राहतात. पाणी येतं ते नंतर, कुणीतरी कुणाशी मायेनं वागलं की. समजा, एक बाप सिनेमाभर मुलाशी तुसडेपणानं वागतोय. मुलगा परीक्षेत आपटतो, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, मुलगा घर सोडायचं ठरवतो. आपण नुसते बघत असतो. पहाटे तो बॅग उचलून दाराशी येतो, तर त्याचे बूट तिथे पुसून ठेवलेले. नाड्या सैल केलेल्या, टोकं दाराकडे वळवलेली, पाय सरळ आत जावेत म्हणून. बाप कुठे दिसतही नाही. टचकन पाणी येतं ते इथे.

म्हणजे दोन गोष्टी लागतात: आधी बराच वेळ ताणून धरलेलं काहीतरी, आणि मग अवचित सुटलेली गाठ. मराठीत याला नेमका शब्द आहे, गहिवर. छातीत ऊब, अंगावर काटा, गळ्याशी आवंढा आणि डोळ्यांत पाणी असा हा सगळा संच आहे. ॲलन फिस्के या मानववंशशास्त्राच्या अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच भावनेला संस्कृतवरून ‘काम मूत’ असं नाव दिलं आहे. मराठी कानाला ते चालण्यासारखं नाही, तेव्हा गहिवरच बरा. रडू मोकळं करायचं असो की आवरायचं असो, काम एकच: ही गाठ कुठे सुटणार ते ओळखायचं.

नळ कुठे आणि मोरी कुठे

अश्रुग्रंथी असते वरच्या पापणीच्या मागे, कानाकडच्या कोपऱ्यात. निचरा होतो उलट्या बाजूनं. नाकाकडच्या कोपऱ्यात दोन्ही पापण्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात, तिथून पाणी नाकात उतरतं. म्हणून रडताना नाक वाहतं. एका डोळ्यात एरवी साधारण ७ मायक्रोलिटर (लिटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोलिटर) पाणी असतं आणि पापण्यांच्या आत जेमतेम ३०च्या आसपास मावतं. औषधाचा एक थेंबही याहून मोठा असतो. डोळे ‘भरले’ की सांडायला वेळ लागत नाही तो यामुळे.

पण भरण्याआधी शरीर सूचना देतं. आधी श्वास वर अडकतो. मग नाकाच्या मुळाशी झणझणतं, हनुवटीचा स्नायू थरथरू लागतो, गळ्यात आवंढा येतो. आवंढ्याची कथा अशी: जास्त हवा आत यावी म्हणून स्वरयंत्राचं तोंड उघडं राहू पाहतं आणि गिळताना तेच मिटावं लागतं. या ओढाताणीत गळ्यात गोळा असल्यासारखं वाटतं. नाकातली झणझण हीच कामाची खूण. ती जाणवली की हातात काही सेकंद असतात.

एक खुलासा. भरताच्या नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावनेनं शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी एक, आणि त्याच्या कारणांच्या यादीत आनंद, शोक, भय यांच्या जोडीला धूर, अंजन, जांभई आणि एकटक बघत राहणंही आहे. ही यादी आजही चोख आहे. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळा कोरडा पडतो आणि मग तो भसकन पाणी सोडतो. नाक झणझणलं नाही, गळा दाटला नाही आणि नुसतंच पाणी आलं, तर तो गहिवर नाही. दहा-बारा वेळा सावकाश पापण्या मिटा, थांबेल.

येऊ द्यायचं असेल तर

‘सगळे रडले, मी एकटाच दगडासारखा’ ही तक्रार फार वेळा ऐकू येते. दोष बहुधा काळजाचा नसतो, बघण्याच्या पद्धतीचा असतो.

सिनेमा एका बैठकीत बघा. मधे फोन पाहिला की ताण मोडतो आणि तो पुन्हा चढायला वेळ लागतो. कधीकधी तोवर सिनेमा संपतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, उपडा ठेवून भागत नाही. खोली अंधारी हवी, चित्र शक्य तेवढं मोठं, आणि आवाज असा की कुजबुज कान न ताणता ऐकू यावी. आवाजाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. गळा दाटलेल्या माणसाचा श्वास, शब्दाआधीचा अडखळा हे सगळं हळू आवाजात असतं. टीव्हीच्या लहानशा स्पीकरमधून ते पोचतच नाही. साधा हेडफोनही इथे मोठा फरक करतो. भाषा परकी असेल तर सबटायटल मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे वाचून लवकर होतं आणि नजर चेहऱ्यावर परत जाते.

‘हमखास रडवणारा’ तेवढाच तुकडा काढून बघू नका. आपल्या उदाहरणात फक्त बुटांचा प्रसंग पाहिला तर दिसतात नुसते बूट. आधीचा दीड तास त्यांत भरलेला नसतो.

दमलेल्या, झोप अपुरी झालेल्या दिवशी भावना पटकन वर येतात. म्हणून रात्री उशिरा साध्या जाहिरातीनंसुद्धा डोळे पाणावतात. याचा उपयोग करून घेता येतो, पण मुद्दाम जागरण करावं इतकं ते मोलाचं नाही. सोबत कोण आहे हे जास्त महत्त्वाचं. टिंगल करणारा शेजारी असेल तर शरीर आपोआप दार लावून घेतं. पहिल्यांदा एकट्यानं बघा.

आणि खूण जाणवली की काही करू नका. जबडा सैल सोडा, ओठ थोडे विलग ठेवा, श्वास तोंडावाटे सोडा. ‘येतंय का, येतंय का’ असं स्वतःकडे बघायला लागलात की आलेलं परत जातं.

गाण्याचं गणित थोडं वेगळं

गाण्यात गोष्ट नसली तरी ताण आणि सुटका असते. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ साली ८३ जणांचे अनुभव प्रसिद्ध केले: संगीताच्या नेमक्या कुठल्या जागेला अंगात काय होतं? डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागांमध्ये एक गोष्ट वारंवार सापडली. सूर मुक्कामाच्या स्वरावर थेट न टेकता आधी शेजारच्या, तिथे न जुळणाऱ्या स्वरावर क्षणभर रेंगाळतो आणि मग खाली उतरतो. पाश्चात्त्य संगीतात तिला अपोजियातुरा म्हणतात. आपल्याकडच्या कानाला कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागणारा शेजारचा स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) यांतून तिची जवळची कल्पना येईल. अंगावर काटा मात्र अनपेक्षितपणे बदललेल्या स्वरमेळाला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीला, जास्त येत होता.

तुमची जागा शोधायची असेल तर गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा जिथे घसा हलला ती वेळ मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. तिसऱ्यांदा त्या जागेच्या २० सेकंद आधीपासून ऐका आणि काय बदललं ते पकडा: वाद्यं थांबली का, आवाज एकटा पडला का, पट्टी वर गेली का, दुसरा आवाज येऊन मिळाला का. बहुतेकांच्या याद्यांत यांतलंच काहीतरी निघतं. शब्द न कळणाऱ्या गाण्यानंही रडू येतं ते यामुळे.

तेच गाणं दिवसातून दहादा लावलंत तर मात्र धार जाते. काही आठवडे त्याला हात लावू नका, बरंचसं परत येतं. आठवणीशी बांधलेल्या गाण्याचं वेगळं: तिथे रडवतो तो काळ, सूर निमित्तमात्र. असं गाणं गाडी चालवताना आपोआप लागणाऱ्या यादीत ठेवू नये. भरलेल्या डोळ्यांना रस्ता धूसर दिसतो.

थोपवायचं असेल तर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे श्वास कोंडून ओठ आवळणं. दहा-पंधरा सेकंद निभतं, मग श्वास घ्यावाच लागतो आणि तो हुंदका होऊनच बाहेर पडतो, शांत थिएटरात चार रांगा वळून बघतील असा. करायचं ते उलट. झणझण जाणवताच श्वास बाहेर सोडा. नाकानं चार मोजेपर्यंत आत, ओठांची छोटी चंबू करून सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर. असं तीन-चार वेळा. मग पाण्याचा घोट घ्या. गिळलं की स्वरयंत्राचं तोंड मिटतं आणि आवंढा ढिला होतो. पाणी नसेल तर लाळ गिळली तरी चालते, फक्त सावकाश.

डोळे अर्धे भरले असतील तेव्हाच हळू पापण्या मिटा. मिटण्यानं पाणी नाकाकडच्या छिद्रांत ढकललं जातं. काठोकाठ भरल्यावर मिटलेत तर पापणी पाणी लोटते आणि थेंब गालावर येतो. तेव्हा नजर वर छताकडे न्या आणि कागदी रुमालाचा कोपरा खालच्या पापणीच्या कडेला नुसता टेकवा. तो स्वतःच शोषून घेतो. पुसू नका, चोळू नका. वासाचे, मेंथॉल लावलेले रुमाल टाळा, नाहीतर थांबवायला जाल आणि झरा लागेल. नाक ओढण्याऐवजी टिपा. अंधारात रडणारे ओळखू येतात ते नाकाच्या आवाजावरून.

आता मनाचं. चेहरा दगडी ठेवणं महागात पडतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात लोकांना भावनेला हात घालणारे सिनेमाचे तुकडे दाखवून ‘चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका’ असं सांगितलं. चेहरे शांत राहिले, पण दुःख कमी झालं नाही, आणि शरीरातल्या तणावाच्या खुणा उलट वाढल्या. ग्रॉस यांच्याच पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की भावना दाबत बसणाऱ्यांना पाहिलेलं कमी आठवतं. त्यापेक्षा बघण्याची जागा बदला. चेहऱ्याऐवजी प्रकाश कुठून येतोय ते पाहा. दृश्य किती वेळा तुटतं ते मोजा. पार्श्वसंगीत कुठल्या क्षणी सुरू झालं ते पकडा. गाणं असेल तर फक्त खालचा, भरड सूर ऐका. गाठ सुटण्याआधीच हे सुरू केलं तर काम होतं. बूट दिसल्यावर मोजणी सुरू करून उपयोग नाही.

मोठ्यानं वाचायचं किंवा गायचं असेल तर

हे सगळ्यात अवघड, कारण गळा दाटला की आवाजच जातो. निरोपाचं भाषण, श्रद्धांजली, एखादी कविता, काहीही असो, आदल्या दिवशी एकट्यानं पूर्ण मोठ्यानं दहा वेळा वाचा. मनात वाचणं धरायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा आवाज फुटेल, फुटू द्या. कुठल्या ओळीला फुटतो ते पेन्सिलनं अधोरेखित करा. ती ओळ बहुधा दुःखाची नसतेच, एखाद्या बारीकशा चांगुलपणाची असते. तिच्या आधीच्या वाक्यानंतर उभी रेघ मारा: इथे थांबायचं, श्वास सोडायचा, घोट घ्यायचा. ती ओळ एक पट्टी खाली, जरा सावकाश वाचा आणि नजर लोकांच्या चेहऱ्यांवर न ठेवता कागदावर ठेवा. समोर कुणी रडताना दिसलं की सगळी तयारी वाया जाते. तरीही फुटलाच आवाज, तर पाच सेकंद थांबा. बोलणाऱ्याला ते फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला नाही.

गाणाऱ्याला एवढी सवलत नसते, ताल पुढे जात राहतो. म्हणून गाणाऱ्यानं तालमीतच रडून मोकळं व्हावं.

नंतर

रडल्यावर लगेच हलकं वाटलं नाही तर गोंधळून जाऊ नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ आस्मिर ग्राचानिन, ॲड फिंगरहूट्स आणि सहकाऱ्यांनी ६० जणांना हळवे सिनेमे दाखवले. रडलेल्यांचा मूड सिनेमा संपताच खाली गेला, २० मिनिटांत मूळपदावर आला आणि ९० मिनिटांनी सिनेमाच्या आधीपेक्षाही चांगला झाला. तेव्हा दिवे लागताच ‘कसा वाटला?’ असं विचारणाऱ्या मित्राला जरा थांबवा. महत्त्वाचे फोन, वादाचे विषयही अर्धा तास लांबवा.

पापण्या सुजल्या असतील तर गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका, पापणीची कातडी फार पातळ असते. डोकं चढलं असेल तर ते कपाळाचे, जबड्याचे स्नायू आवळल्यानं आणि नाक चोंदल्यानं. पाणी प्या, नाक एकेक बाजूनं हळू शिंकरा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी रडताना डोळे चोळू नयेत, लेन्स सरकते. धूसर दिसू लागलं तर हात धुऊन लेन्स काढा आणि तिच्याच द्रावणानं धुवा. नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या जंतूंनी डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. नुसती कोरडी वाटत असेल तर लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब पुरतात.

सोबत लहान मूल रडत असेल तर ‘अगं, खोटं असतं ते’ म्हणू नका. खोटं आहे हे बऱ्याचदा त्यालाही ठाऊक असतं. ‘कुणाचं वाईट वाटलं तुला?’ एवढंच विचारा आणि शेवटपर्यंत बघू द्या. अर्ध्यात बंद केलं तर ताण तसाच राहतो, सुटका त्याला बघायला मिळतच नाही.

गाण्या-सिनेमाशी संबंध नसलेलं रडू

कधी कारण वेगळंच असतं. मनात दुःख नसताना रडू किंवा हसू फुटणं, प्रसंगाशी त्याचा मेळ नसणं आणि ते आवरता न येणं हे पक्षाघात किंवा मेंदूच्या इतर आजारांनंतर होऊ शकतं. त्यावर उपचार आहेत, न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज रडू येत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. उलट, पूर्वी सहज रडणाऱ्याला अचानक रडूच येईनासं झालं तर नवीन औषधं आठवून पाहा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी असं होतं. गोळी मनानं बंद करू नका. कधी सुरू केली, मात्रा किती आणि रडणं कधीपासून थांबलं हे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.