स्पर्धेच्या हंगामाआधी रिकर्व्ह धनुष्याची तयारी

विदर्भातल्या खेड्यांत पावसाळ्यात मैदान चिखलाने भरते, सराव तुटतो आणि रिकर्व्ह धनुष्य (ज्याची टोके पुढे, लक्ष्याच्या बाजूला वळलेली असतात ते) पेटीत पडून राहते. ते पुन्हा बाहेर निघते ते ऑक्टोबरच्या उन्हात, स्पर्धा तोंडावर आलेल्या असताना. दमट हवेतून एकदम कोरड्या उष्णतेत येणे उपकरणाला जड जाते, आणि एखादा सुटा भाग बिघडला तर तो गावात मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो. म्हणून तपासणी पहिल्या सरावाच्या आधीच, दिवसाउजेडी आणि हाताशी वेळ ठेवून करावी.

सुरुवात दोरीपासून करावी. मुलांचे लक्ष आधी साईट (नेम धरण्याचे साधन) आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी) यांच्याकडे जाते, पण माझ्या मते धनुष्याची निम्मी काळजी म्हणजे दोरीची काळजी होय. दोरी बोटांतून हळूहळू सरकवत पाहावी. तंतू पिंजलेले दिसल्यास मेण लावून ते बोटांनी उष्ण होईपर्यंत चोळावे, मात्र मधल्या सर्व्हिंगवर (दोरीच्या मध्यावर गुंडाळलेल्या संरक्षक धाग्यावर) मेण लावू नये आणि एक जरी तंतू तुटलेला असेल तर ती दोरी त्याच दिवशी बाद करावी. मेणावर काळ्या मातीची धूळ फार लवकर बसते, त्यामुळे जुने मेण कापडाने पुसून मगच नवे लावावे. सर्व्हिंग सैल झाली असेल तर ती नव्याने गुंडाळून घ्यावी. बाणाचा नॉक (मागच्या टोकाची खाच) दोरीवर इतपतच घट्ट बसावा की बाण लोंबकळत राहील, पण दोरीला हलकी टिचकी मारताच सुटेल. नवी दोरी सुरुवातीला ताणली जाते, म्हणून जादा दोरीवरही आधीच पुरेसे बाण मारून, नॉकिंग पॉइंट (बाण बसवण्याच्या जागेची खूण) बांधून ती तयार ठेवावी. कोरी दोरी स्पर्धेच्या पिशवीत ठेवण्याचा फारसा उपयोग नाही.

दोरी चढवल्यावर बो स्क्वेअरने (धनुष्याच्या काटकोनी मापपट्टीने) ब्रेस हाइट, म्हणजे दोरी आणि धनुष्याची मूठ यांतले अंतर, मोजावी. ६८ इंची धनुष्यात ती साधारण साडेआठ ते नऊ इंचांच्या दरम्यान येते; नेमका आकडा ज्या मापावर धनुष्याचा आवाज सर्वांत कमी येतो आणि बाण एकत्र पडतात तो धरावा आणि वहीत लिहून ठेवावा. दोरीला पीळ वाढवला की ती आखूड होऊन ब्रेस हाइट वाढते, पीळ काढला की कमी होते. उन्हाळ्यात लिहिलेला आकडा ऑक्टोबरमध्ये तसाच असेल असे गृहीत धरू नये. साईटच्या खुणाही याच वहीत अंतरासह लिहाव्यात, कारण खिशातला कागद घामाने विरघळतो.

लिंबच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या वरच्या-खालच्या हातांच्या, कडांवरून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस आपल्याकडे घरोघरी असतो, आणि जिथे त्याचे तंतू अडकतात तिथे बारीक चीर असण्याची शक्यता असते. चीर दिसली किंवा थर सुटलेले दिसले तर ते धनुष्य ओढून पाहण्याचा मोहही टाळावा. नंतर दोरी चढवलेले धनुष्य मागून पाहावे: दोरी दोन्ही लिंबच्या मधोमध दिसली पाहिजे. ती एका बाजूला सरकलेली दिसली तर लिंब पिळले गेले असतील किंवा नीट बसले नसतील. असे पिळणे बहुतेकदा पायात अडकवून दोरी चढवण्यामुळे होते, म्हणून नेहमी स्ट्रिंगरच (दोरी चढवण्याचा दोरखंडच) वापरावा. सराव संपल्यावर दोरी उतरवावी. इंडियन राउंड या देशी धनुष्यांच्या स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या किंवा लाकडी धनुष्याबाबत तर हे कटाक्षाने पाळावे. त्याला डॅक्रॉनचीच (थोड्या ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याची) दोरी लावावी आणि ते कोपऱ्यात एका टोकावर उभे न करता दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे.

उष्णतेबद्दल वेगळे सांगायला हवे. टिनाच्या छपराखालची फळी, बंद गाडी, एसटीच्या खिडकीजवळची उन्हाची जागा या सर्व ठिकाणी लिंबचे थर धरून ठेवणारा गोंद कमजोर होऊ शकतो. पेटी घरात जमिनीपासून थोडी उंच, भिंतीपासून दूर ठेवावी, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही टळतात. बाणांची पिसे उंदरांपासून जपण्यासाठी बाण नळीत झाकून ठेवावेत.

कार्बनचा प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलकासा वाकवावा. कडकड ऐकू आली तर तो बाण मोडून टाकावा, म्हणजे तो चुकूनही वापरात येणार नाही. चिरलेले नॉक बदलावेत. स्पर्धेत बाणाच्या दांड्यावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असावी लागतात, ती आताच लिहावीत.

रिकामे धनुष्य ओढून सोडू नये आणि घरी आलेल्या पाहुण्यांनाही सोडू देऊ नये, कारण बाणाविना सोडलेल्या दोरीचा सारा जोर लिंबवरच बसतो. शेतात जागलीला जाताना रानडुकरांसाठी किंवा रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) हे धनुष्य नेण्याची विनंती कोणी केली, तर ती ठामपणे नाकारावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि खेळाचे उपकरण त्या कामासाठी नाही. सरावाच्या लक्ष्यामागे धुरा (शेताचा बांध) असला तरी तेवढ्यावर भागत नाही. पलीकडच्या तुरीत माणूस उभा असला तरी दिसत नाही, म्हणून मागे मातीची उंच भिंत किंवा मोकळी पडीक जमीन असावी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर कुठे आहेत हे आधी विचारून घ्यावे.

प्रवासाच्या पिशवीत ॲलन कीचा संच, जादा नॉक, सर्व्हिंगचा धागा, जादा रेस्ट (बाण टेकवण्याचा आधार), टॅब (बोटांचे चामडी संरक्षण) आणि मेण असावे. पेटी एसटीच्या टपावर टाकू नये, तिच्यावर जड सामानही ठेवू नये. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फक्त ब्रेस हाइट आणि बोल्ट तपासावेत; काही नवीन बसवायचे असेल तर ते स्पर्धा झाल्यावर बसवावे.