कर्नलचं पॅकेज बनवणारी स्क्रिप्ट: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः सोर्समधून कंपाइल कसं करायचं, हे सांगणारं साहित्य भरपूर आहे. 'मेक' चालवा, मग 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', मग 'मेक इन्स्टॉल', रीबूट करा, झालं. स्वतःच्या लॅपटॉपवर एकदा करून बघायला हे ठीकच आहे. पण मी ज्या टीममध्ये काम करते तिथे एकच कर्नल बऱ्याच मशीनवर जातं, सुरक्षेची दुरुस्ती आली की पुन्हा बांधावं लागतं, आणि एखाद्या मशीनवर बिनसलं तर मागे फिरावं लागतं. वरच्या आज्ञा बूट आणि लिब-मॉड्यूल्स या डिरेक्टरींत फाइली टाकून मोकळ्या होतात. डीपीकेजीला, म्हणजे डेबियनवर पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला, त्याचा पत्ताच नसतो. काढायची वेळ आली की एकेक फाइल हाताने शोधा. म्हणून पॅकेज हवं, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र बसवता आणि काढता येतील असं गाठोडं. टीममध्ये नव्याने येणाऱ्यांना मी हेच आधी सांगते की कंपाइल मशीन करतं. स्क्रिप्टचं खरं काम आहे पॅकेजला नेमकं नाव देणं आणि ते कशातून बनलं हे कधीही सांगता येईल अशी व्यवस्था ठेवणं.

मी डेबियन या लिनक्सवर काम करते, त्यामुळे पुढचं सगळं त्या अंगाने. पॅकेज बांधायची सोय कर्नलच्या मेकफाइलमध्येच (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) आहे: 'मेक बिनडेब-पीकेजी'. आरपीएम प्रकारची पॅकेजं वापरणाऱ्यांसाठी 'बिनआरपीएम-पीकेजी'. जुन्या लेखांत 'मेक-केपीकेजी' दिसेल, त्याच्या नादी लागू नका.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या आणि सही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे एक बारकावा आहे. सही दाबलेल्या 'टार डॉट एक्सझेड' फाइलवर नसते, आतल्या 'टार'वर असते. त्यामुळे आधी 'एक्सझेड'ने उलगडून तो प्रवाह सह्या तपासणाऱ्या जीपीजीकडे द्यावा लागतो. हे दोन ओळींचं काम आहे, आणि ते स्क्रिप्टमध्येच असू द्या. घाईत असलेला माणूस हाताने तपासत नाही.

कॉन्फिगसाठी, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं त्या पर्यायांच्या यादीसाठी, चालू कर्नलची फाइल बूटमधून उचला आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा. नवे पर्याय त्यांच्या मूळ उत्तरांसह भरले जातात. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये 'सिस्टम_ट्रस्टेड_कीज' या पर्यायात डेबियनच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा पत्ता असू शकतो. ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते, आणि मग बिल्ड मध्येच 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून थांबतं. सोर्समधल्या स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत 'कॉन्फिग' नावाचं छोटं साधन आहे, त्याने ही किंमत रिकामी करा. डीबगची माहितीही गरज नसेल तर बंद ठेवा, नाहीतर बिल्डची डिरेक्टरी अवाढव्य फुगते आणि 'डीबीजी'चं वेगळं पॅकेज निघतं. 'लोकलमॉडकॉन्फिग' वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण बिल्ड झटपट उरकतं. पण ते त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलंच (कर्नलला लागेल तसे जोडले जाणारे तुकडे) ठेवतं. त्या दिवशी पेनड्राइव्ह लावलेला नसेल, तर त्याला लागणारं मॉड्यूल गळू शकतं. अनेक मशीनसाठी बांधत असाल तर याच्या वाटेला जाऊ नका.

आता नाव. 'युनेम -आर' जे दाखवतं ते कर्नलचं रिलीज-नाव. तेच पॅकेजच्या नावात जातं आणि मॉड्यूलच्या डिरेक्टरीलाही तेच मिळतं. समजा तुम्ही 6.12.20 ला 'लोकलव्हर्जन' म्हणून '-लॅब1' जोडलंत. उद्या एक पॅच लावून त्याच नावाने पुन्हा बांधलंत, तर डीपीकेजीच्या लेखी पॅकेज तेच. ते चालू कर्नलची मॉड्यूलं त्याच्याच पायाखालून बदलून टाकतं. '-लॅब2' दिलंत तर दोन्ही कर्नल शेजारी शेजारी राहतात आणि ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत जुनं तसंच मिळतं. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे पॅच किंवा कॉन्फिग बदललं की क्रमांक वाढलाच पाहिजे, अशी तपासणी स्क्रिप्टच करते.

डेबियनच्या नियमानुसार पॅकेजच्या नावात कॅपिटल अक्षरं आणि अंडरस्कोर चालत नाहीत, आणि रिलीज-नाव 64 अक्षरांच्या वर गेलेलं कर्नलची मेकफाइल स्वीकारत नाही. हे कंपाइल सुरू होण्याआधीच तपासा. गिटमधून (सोर्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बांधताना, टॅगवर, म्हणजे नाव दिलेल्या आवृत्तीवर, नसाल तर नावाला अधिकचं (+) चिन्ह आपोआप चिकटतं; 'लोकलव्हर्जन' हे चल थेट मेकच्या आज्ञेत दिलं की ते येत नाही. पॅकेजची आवृत्ती 'केडेब_पीकेजीव्हर्जन'ने स्वतः ठरवा. कारण दर वेळी कोऱ्या डिरेक्टरीत बांधलं तर आपोआपचा बिल्ड क्रमांक पुन्हा 1 पासूनच सुरू होतो.

स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई', '-यू' आणि 'पाइपफेल' हे चूक होताच स्क्रिप्ट थांबवणारे शेलचे तिन्ही पर्याय हवेतच. मेकचं आउटपुट लॉगमध्ये ठेवायला आपण ते 'टी' या फाइलीत प्रत ठेवणाऱ्या आज्ञेकडे पाइप करतो. 'पाइपफेल' नसेल तर मेक कोसळलं तरी शेलला दिसतं ते 'टी'चं यश. स्क्रिप्ट पुढे सरकते, वरच्या डिरेक्टरीत तारांकन (*) लावून डेब फाइल (बनलेलं पॅकेज) शोधते आणि कालचंच पॅकेज आजचं म्हणून सर्व्हरवर चढवते. लॉग वाचेपर्यंत कुणाला कळत नाही. यावर दुहेरी उपाय करा. फाइल तारांकनाने शोधूच नका, 'मेक -एस कर्नलरिलीज'कडून नाव विचारून घ्या. '-एस' नसेल तर मेकच्या इतर ओळी त्यात मिसळू शकतात. आणि मेकच्या 'ओ' पर्यायाने प्रत्येक बिल्डला वेगळी डिरेक्टरी द्या. डेब फाइली तिच्या एक पायरी वर पडतात, म्हणजे आवृत्तीच्या फोल्डरात 'बिल्ड' हे उपफोल्डर केलं की पॅकेजं आपोआप आपल्या जागी येतात. त्यांच्या शेजारी कॉन्फिग, पॅच आणि लॉगची प्रत ठेवा. हे सगळं साध्या युजरने होतं, रूट लागत नाही.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर सही नसलेलं कर्नल शिम, म्हणजे बूटच्या वेळी सही तपासणारा छोटा प्रोग्राम, उघडू देत नाही. 'एसबीसाइन'ने सही करता येते, पण आपली चावी 'मोकयुटिल'ने नोंदवल्यावर पुढच्या बूटला स्क्रीनसमोर बसून मंजुरी द्यावी लागते. दूरच्या मशीनसाठी याची सोय आधी लावा.

इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणाऱ्या फाइलींचा संच) बनवणं आणि ग्रबची यादी ताजी करणं हे पॅकेजचे हुक, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट्स, स्वतः करतात. तुमच्या स्क्रिप्टने करायचं ते निराळं. ग्रबमध्ये मूळ पर्याय 'सेव्ह्ड' ठेवा, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुन्या कर्नलची नोंद नावानिशी पक्की करा आणि नवं कर्नल 'ग्रब-रीबूट'ने फक्त पुढच्या एका बूटपुरतं निवडा. सोबत कर्नलला 'पॅनिक=30' द्या. पॅनिक झालं, म्हणजे कर्नल न सावरणाऱ्या चुकीने अडकलं, तर 30 सेकंदांनी मशीन आपणहून रीबूट होऊन जुन्या कर्नलवर येतं, आणि कुणालाही रात्री डेटा सेंटर गाठावं लागत नाही.