टेलिग्रामवर तक्रार-बॉट: संवाद मधेच अडकू नये म्हणून

पायथॉन येतं आणि बॉटफादर या टेलिग्रामच्या बॉट बनवून देणाऱ्या बॉटकडून टोकन (बॉटची गुप्त किल्ली) घेतलंय, असं धरतो. टोकन कोडमध्ये चिकटवू नका. पिपने पायथॉन-टेलिग्राम-बॉट ही मुक्तस्रोत लायब्ररी बसवा, ॲप्लिकेशन बिल्ड करा, हँडलर (कुठल्या मेसेजवर कुठलं फंक्शन चालवायचं ते ठरवणारे भाग) जोडा, रन_पोलिंग चालवा. एवढ्याने बॉट बोलू लागतो.

ज्या ट्युटोरियलमध्ये 'यूज_कॉन्टेक्स्ट' ही जुन्या आवृत्तीची खूण दिसेल, ते तिथेच सोडा. आवृत्ती 20 पासून लायब्ररी असिंक आहे, म्हणजे मेसेज पाठवण्यासारख्या कॉलआधी 'अवेट' लिहावं लागतं. जुना कोड चालत नाही, आणि 'अवेट' विसरलात तर बॉट गप्प बसतो; टर्मिनलवर फक्त एक वॉर्निंग उमटते.

खरी गोची कन्व्हर्सेशनहँडलरमध्ये, म्हणजे अनेक पायऱ्यांचा संवाद सांभाळणाऱ्या हँडलरमध्ये आहे. समजा, सोसायटीचा बॉट आधी फ्लॅट नंबर, मग तक्रारीचा प्रकार, मग तपशील विचारतो. प्रत्येक कॉलबॅकने (उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) पुढची स्टेट, म्हणजे संवादाची पुढची पायरी, रिटर्न करायलाच हवी. रिटर्न राहिलं की स्टेट बदलत नाही. बॉट प्रकार विचारून मोकळा होतो, पण रहिवाशाने लिहिलेलं 'पाणी' फ्लॅट नंबर म्हणून साठवतो. एरर कुठेच नाही, त्यामुळे लोक डेटाबेस तपासत बसतात.

दुसरा सापळा फिल्टरचा. मजकूर पकडायला नुसतं फिल्टर्स.टेक्स्ट लावलंत तर कॅन्सल ही कमांडसुद्धा त्यातच सापडते, कारण स्टेटमधले हँडलर फॉलबॅकच्या (कॅन्सलसारख्या राखीव हँडलरच्या) आधी तपासले जातात. मग 'स्लॅश कॅन्सल' नावाचा फ्लॅट नोंदला जातो! टेक्स्ट फिल्टरमधून कमांड वगळाच. शिवाय अलाउ_रीएंट्री ट्रू ठेवा, नाहीतर अर्ध्यावर पुन्हा स्टार्ट दाबणाऱ्याला एंट्री पॉइंट, म्हणजे संवाद सुरू करणारा हँडलर, दाद देत नाही. शेवटच्या पायरीला संवाद संपवणारं एंड रिटर्न करा.

सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळ्या स्टेट पुसल्या जातात. यावर स्टेट फाइलमध्ये जपणारं पिकलपर्सिस्टन्स आहे, पण ते ॲप्लिकेशनला जोडून भागत नाही. कन्व्हर्सेशनहँडलरला नाव द्यावं लागतं आणि पर्सिस्टंट ट्रू करावं लागतं. फाइल मुळात दर 60 सेकंदांनी आणि नीट बंद करताना लिहिली जाते, म्हणून प्रोसेस किल-9 ने, म्हणजे सक्तीने, मारू नका.

बटणं लावताना 'पर_मेसेज' या, प्रत्येक मेसेजचा संवाद वेगळा धरणाऱ्या सेटिंगची वॉर्निंग येईल. ती घालवायला ते ट्रू करा, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका: तसं केलं की त्या संवादात फक्त बटणांचे हँडलर चालतात, टाइप केलेलं उत्तर घेता येत नाही.

बटणाच्या कॉलबॅक डेटाला (बटण दाबल्यावर बॉटकडे जाणाऱ्या मजकुराला) 64 बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं. 'लिफ्ट बंद असल्याची तक्रार' हे 69 बाइट होतं, मग टेलिग्राम मेसेजच नाकारतो. बटणावर मराठी मजकूर खुशाल ठेवा. डेटात रोमन लिपीतली दोन-तीन अक्षरी खूण पुरते. कॉलबॅकमध्ये क्वेरीला आन्सर द्या, नाहीतर बटण बराच वेळ गरगरत राहतं.

'कॉन्फ्लिक्ट' एरर आली तर त्याच टोकनवर दुसरीकडे बॉट चालू आहे. बहुतेक वेळा तो तुमच्याच लॅपटॉपवर असतो.