पोराला क्रिकेटचं हेल्मेट घ्यायचंय? मग त्याचा बॉलपण दुकानात न्या

सीझन बॉलवर (लेदरच्या कडक बॉलवर) नेट्स सुरू झाले की हेल्मेट लागतंच, आणि आपले लोक शाळेचा युनिफॉर्म घेतात तसं "जरा वाढत्या मापाचंच द्या" म्हणतात. हे अजिबात करू नका. सैल हेल्मेट बाउन्सरला मान वळवली की डोळ्यांवर येतं, मग पोरगं बॉल बघणार कसं?

भुवयांच्या साधारण इंचभर वर टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा आणि कंपनीच्या चार्टवरून साइज काढा. घालून हनुवटीचा पट्टा लावा, जोरात मान हलवायला सांगा, वाकायला सांगा. हललं तर लहान साइज, कपाळावर वळ उठला तर मोठी. पोराला घरी ठेवून अंदाजाने आणायची वस्तू नाही ही.

आता मेन गोष्ट, जी दुकानदार स्वतःहून क्वचितच सांगतो. मोठ्यांचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, ज्युनियर बॉल १३५ च्या आसपास आणि आकारानेही लहान, त्यामुळे हेल्मेटची तोंडासमोरची जी फट मोठा बॉल अडवते तिच्यातून छोटा बॉल सरळ तोंडावर येऊ शकतो. म्हणून आत बीएस ७९२८:२०१३ चं (क्रिकेट हेल्मेटच्या ब्रिटिश सुरक्षा मानकाचं) लेबल शोधा आणि टेस्ट कुठल्या बॉलवर झालीय ते वाचा, मोठ्या, ज्युनियर की दोन्ही. दोन्हीवालं हेल्मेट मिळालं तर बेस्टच. शिवाय पोरगं ज्या बॉलने खेळतं तो पीक (कपाळावरची पुढे आलेली कड) आणि ग्रिल (तोंडासमोरची जाळी) यांच्या मधल्या फटीत दाबून बघा, आत घुसत असेल तर ते हेल्मेट ठेवून द्या, कितीही डिस्काउंट असू दे. आणि नीट दिसत नाही म्हणून नंतर स्क्रू ढिले करून ग्रिल खाली सरकवणारी पोरं असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

स्टील ग्रिल पुरतं, टायटॅनियम हलकं असतं पण खिशाला जड.

नेक गार्ड, म्हणजे हेल्मेटला मागून लागणारं मानेचं कवच, मात्र घ्याच. २०१४ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिल ह्यूज याला बॉल लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. आधी आपल्या मॉडेलला बसेल तोच गार्ड आहे ना ते विचारा. कीपर स्टंपजवळ असेल किंवा पोरगं शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, फील्डिंगला असेल तरी हेल्मेट हवंच, भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात असाच जवळ फील्डिंग करताना हेल्मेटशिवाय होता, त्यातच गेला.

सेकंडहँड घेऊ नका, आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून कळत नाही. आणि आपल्याच हेल्मेटवर जोरात बॉल बसला तर तडा दिसो न दिसो, बदला. वाकडं ग्रिल ठोकून सरळ करत बसू नका, त्याच मॉडेलचं नवं बसवा.