पोलरायझर घेताना
पोलरायझर म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर. लेन्सच्या कडेवर ⌀ चिन्हापुढे ६७ किंवा ७७ असा आकडा असतो. तोच फिल्टरचा मिलिमीटरमधला व्यास. लेन्स दोन-तीन असतील तर सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि बाकीच्यांना स्वस्तातली स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा (लेन्सवर ऊन अडवायला लावतात तो हूड मात्र बहुधा बसणार नाही). सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे सीपीएलच मागा. दुसऱ्या, लिनिअर प्रकारच्या फिल्टरने डीएसएलआरचा ऑटोफोकस गडबडू शकतो. दुकानातच पारखायचा तर फिल्टरची पुढची बाजू लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे धरून फिरवा. एका कोनात स्क्रीन जवळजवळ काळी दिसायला हवी. वाइड लेन्सला पातळ कडेचाच घ्या, नाहीतर फोटोचे कोपरे काळवंडतात. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी तो छान काढतो, पण एक-दोन स्टॉप प्रकाशही खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). संध्याकाळी काढूनच ठेवा.