छतात दिवे बसवताना खर्च कुठे वाढतो? या चुका टाळा

फॉल्स सीलिंगच्या छतात बसणारे दिवे घ्यायचे ठरलं की बहुतेक जण एका दिव्याची किंमत विचारतात, तिला दिव्यांच्या संख्येने गुणतात आणि तोच खर्चाचा अंदाज धरून कामाला सुरुवात करतात. तिथेच गणित चुकतं. छतात पाडलेल्या प्रत्येक भोकामागे वायर, जोड, मजुरी, पुट्टी आणि रंग येतो. दिवा नंतर बदलता येतो, पण चुकीच्या जागी पडलेलं भोक बुजवायला तीन वेगवेगळे कारागीर लागतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे: छत बंद होण्याआधी सगळे निर्णय कागदावर घ्या.

दिवे मोजू नका, उजेड मोजा

आमच्या हॉलमध्ये आधी १२ वॉटचे १२ दिवे लावले होते. छतावर ओळी सुबक दिसायच्या, पण महिन्याभरात आम्ही निम्मे बंद ठेवू लागलो, कारण डोळ्यांना त्रास व्हायचा. ते सहा दिवे, त्यांच्या वायरी आणि त्यांची मजुरी हा सरळसरळ वाया गेलेला पैसा होता.

हिशेब अवघड नाही. खोली ४ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. बसण्याउठण्याच्या खोलीला साधारण १५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पुरतो. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप). भिंती, फर्निचर आणि साचणारी धूळ बराच उजेड खातात, म्हणून दुप्पट धरा: ३६०० ल्युमेन. चांगला एलईडी दिवा वॉटमागे साधारण ९० ल्युमेन देतो. म्हणजे १० वॉटचे ४ किंवा ७ वॉटचे ६ दिवे झाले. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र ३०० ते ५०० लक्स हवेत, तिथे काटकसर नको.

विजेचा फरकही बघा. १२ वॉटचे १२ दिवे रोज ५ तास चालले तर महिन्याला साधारण २२ युनिट होतात, १० वॉटचे ४ असतील तर ६.

दोन दिव्यांमधलं अंतर छताच्या उंचीच्या निम्मं आणि भिंतीपासून त्याच्याही निम्मं, हा आडाखा सुरुवातीला पुरतो. दिव्याच्या उजेडाचा कोन रुंद असेल तर अंतर थोडं वाढवता येतं. पण एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे पंखा. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा आला की पातं दर फेरीला उजेड कापतं आणि खोलीभर सावली लपलपत राहते. यावर दिवा हलवण्यावाचून उपाय नाही. पलंगावर उशीच्या बरोबर वर आलेल्या दिव्याचीही तीच गत.

कागदाच्या गोल चकत्या कापून जमिनीवर ठेवा, फर्निचर कुठे येणार ते खडूने आखा आणि मग जागा ठरवा. एक संध्याकाळ जाईल, पण पुढचे बरेच पैसे वाचतील.

दिवे हातात नसताना भोकं पाडणं

खोक्यावर दिव्याचा बाहेरचा व्यास ठळक लिहिलेला असतो. भोक पाडायचं असतं कटआउटच्या, म्हणजे दिव्याचा आतला भाग जेमतेम बसेल अशा मापाने, आणि ते त्याहून लहान असतं. बाहेरच्या मापाने भोक पाडलं की दिवा सरळ खाली येतो. मग बोर्डाचा तुकडा लावा, सांध्याला टेप, पुट्टी, घासकाम, रंग. एवढं करूनही नव्या रंगाचा ठिपका जुन्या छतावर उठून दिसतो, म्हणून शेवटी सगळं छत रंगवावं लागतं.

भोक लहान पडलं तर वाढवता येईल, असं वाटतं. पण होल सॉच्या (गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या) मधल्या ड्रिलला धरायला जागाच उरलेली नसते, त्यामुळे पातं थरथरतं आणि कड कुरतडल्यासारखी होते. हव्या मापाचं भोक पाडलेली प्लायवूडची पट्टी छतावर घट्ट दाबून धरली तर काम नीट होतं. पण मुळात दिवे आधी आणा, एक उघडून प्रत्यक्ष मोजा, आणि मगच यंत्र चालू करू द्या.

बोर्ड चढण्याआधी सांगाड्याचे फोटो टेप लावून, मापं दिसतील असे काढून ठेवा. ठरवलेल्या जागी नेमका लोखंडी चॅनेल आला तर दिवा चार बोटं सरकवावा. चॅनेल कापू देऊ नये, कारण छताचा भार त्याच्यावर असतो. दिव्याची खोली आणि स्लॅबपर्यंतची पोकळीही तपासा. वर हवा खेळायला जागा नसेल, किंवा उष्णतारोधक थर दिव्यावर पडला असेल, तर दिवा लवकर जातो.

ड्रायव्हरकडे दुर्लक्ष

दिव्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज ५ तास धरले तर ते साडेतेरा वर्षांहून जास्त होतात. पण हा आकडा बहुधा एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. त्याच्या कितीतरी आधी ड्रायव्हर (एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारी छोटी डबी) जाऊ शकतो, कारण त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. म्हणून ड्रायव्हर वेगळा काढता येईल असाच दिवा घ्या. आणि त्याच मॉडेलचे दोन दिवे जादा घेऊन ठेवा. काही वर्षांनी ते मॉडेल मिळेलच असं नाही, आणि नव्याचं कटआउट किंवा उजेडाची छटा जुळत नाही. सगळे दिवे एकाच केल्विनचे (उजेडाच्या छटेचा आकडा) आहेत ना, हेही खोक्यावर बघा. ३००० आणि ४००० मिसळले की एकाच छतावर पिवळे आणि पांढरे ठिपके दिसतात.

बिघाड झाला तर आधी काय बघायचं

एकच दिवा अर्ध्या तासाने लुकलुकायला लागतो, थंड झाला की पुन्हा नीट चालतो: ड्रायव्हर तापतोय.

एकाच ओळीतले पुढचे सगळे दिवे गेले तर जोड सुटलेला असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे असं झालं तेव्हा वायरमनने एमसीबी बंद करून, स्प्रिंगा दाबून दिवा खाली ओढला. आत दोन वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली होती. टेपचा डिंक वितळला होता आणि तांबं काळं पडलं होतं. तो काळा तुकडा हातात घेतल्यावर मला खरोखर भीती वाटली, कारण त्याच्या वर कोरडी धूळ आणि लाकडाच्या पट्ट्या होत्या. छतातला प्रत्येक जोड कनेक्टरने आणि बंद डबीत झाला पाहिजे. कोटेशनमध्ये हे लिहूनच घ्या.

स्विच बंद असूनही दिवा मंद मिणमिणत असेल, तर एक कारण निरुपद्रवी असतं: स्विचमधला छोटा इंडिकेटर. दुसरं धोक्याचं, म्हणजे स्विचने फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला असणं. तसं असेल तर स्विच बंद करूनही दिव्यापर्यंत वीज पोहोचलेली असते. ते त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावं.

डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या स्विचवर) दिवे थरथरत असतील तर दिवे डिमरला चालणारे आहेत का ते बघा. जुने डिमर शेकडो वॉटच्या बल्बसाठी केलेले होते. ४० वॉटचा भार त्यांना बऱ्याचदा पुरत नाही.

आणि घरभरचे दिवे एकदम कमी-जास्त होऊ लागले तर दिव्यांना हात लावू नका. मुख्य न्यूट्रल सैल असू शकतो. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कोटेशन घेताना

'पॉइंटमागे इतके' यात नेमकं काय धरलंय, ते एकेक करून विचारा: भोक पाडणं, वायर, स्विच, दिवा बसवणं, अर्थिंग, पुट्टी, रंग, राडारोडा उचलणं. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा शेवटच्या तीन गोष्टी नसतात. न्हाणीघरात पाणी उडेल तिथले दिवे किमान आयपी ४४ चे (पाण्यापासून संरक्षण किती ते सांगणारा आकडा) हवेत, आणि ते यादीत वेगळे लिहायला सांगा. काम झाल्यावर कटआउटचं माप, ड्रायव्हरचा अँपिअर आकडा आणि केल्विन एका कागदावर लिहून तो जादा दिव्यांच्या खोक्यात ठेवून द्या.