अळंबी कापू नका, बुंध्यासकट खणून बघा

पावसाने दोन दिवस उघडीप दिली आणि मग ढग गडगडले की वारुळांवर अळंबी फुटतात. गडगडाटाचा संबंध शास्त्रात बसतो का ते सोडा, माझा बांधावरचा अनुभव तसा आहे. याच आठवड्यात रानात जाल, म्हणून घाईने लिहितोय.

आपल्याकडे चूक एकच होते, ती म्हणजे विळ्याने वरच्यावर कापणं. जहाल विषाच्या अळंबीची मोठी खूण बुंध्यात असते आणि नेमका तोच मातीत राहतो. टोपलीत मग सगळ्याच पांढऱ्या छत्र्या सारख्या दिसतात. खुरप्याने खणा. वारुळाच्या अळंबीचा बुंधा मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत जातो. बुंधा फुगीर असेल आणि फुटक्या अंड्याच्या टरफलासारख्या पिशवीत बसलेला असेल, तर हातातली सगळी तोड फेकून द्या. मूळ सापडलं तरी अळंबी नेहमीच्या ओळखीची नसेल तर खाऊ नका.

उकिरड्याजवळ, गवतात येणारी तपकिरी खपल्यांची मोठी छत्रीही नको. तिच्या खालच्या पात्या पुढे हिरवट होतात, खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या.

चांदीचं नाणं, लसूण, तांदूळ काळा पडणं, किड्यांनी खाल्लेली असणं, विष ओळखायच्या या सगळ्या परीक्षा खोट्या. जहाल विष शिजवून, वाळवूनही जात नाही. एप्रिल २०२२मध्ये आसामात, बहुतेक चहामळ्यांच्या वस्त्यांतली, १३ माणसं रानातली अळंबी खाऊन गेली.

दुकानदार वाळवी मारायला वारुळावर ओतायचं महागडं औषध देईल. जिथली अळंबी खाता तिथे ते अजिबात ओतू नका. फवारलेल्या बांधावरचीही नको.

खायचीच हौस असेल तर घरी धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावा:
- भाताचा पेंढा, २-३ इंच तुकडे
- १०० लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) ७.५ ग्रॅम, फॉर्मेलिन (जंतुनाशक) १२५ मिली. १६-१८ तास भिजवणे (मी मात्र ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो, औषधाचा खर्च नाही)
- बियाणं (स्पॉन) ओल्या पेंढ्याच्या २ टक्के, कृषी विद्यापीठातून. 'माल आम्हीच परत घेऊ' म्हणणाऱ्यांकडून नको

जहाल विषाच्या उलट्या-जुलाब सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि लोक दवाखाना टाळतात. तेव्हाच आत यकृत जात असतं. पहिल्या उलटीलाच १०८ला फोन करा. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्या, आणि उरलेली अळंबी बुंध्यासकट, मातीसकट कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवा.